महिला टेनिसमधील प्रशिक्षकांचा वाली कोण?

जपानच्या नाओमी ओसाकाने २०१९ च्या जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली आणि जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान पटकावले. त्याआधी, २०१८ मध्ये, तिने अमेरिकन खुली स्पर्धाही जिंकली होती. तिचे प्रशिक्षक साशा बायिन यांना महिला टेनिस संघटनेने, म्हणजेच 'डब्ल्यूटीए'ने, त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरविले होते. मात्र मेलबर्नच्या विजयाला महिनाही उलटला नाही तोच ओसाकाने बायिन यांच्याशी फारकत घेतली. तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. महिला टेनिसमधील प्रशिक्षकाचे स्थान किती अस्थिर असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. प्रशिक्षकांच्या व्यावसायिक संघटनेची गरज का भासते, याचे उत्तरही येथूनच मिळू लागते.

शिष्याच हाताखाली नोकरी

फुटबॉल किंवा क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाची नेमणूक संघ वा मंडळ करते. टेनिसमध्ये ती खेळाडूच करते. आठवड्याचे मानधन, प्रवासखर्च आणि बक्षिसाच्या रकमेतील काही टक्के, असा व्यवहार साधारणपणे ठरतो. त्यामुळे जिला शिस्त लावायची, तीच प्रशिक्षकाची मालकीण असते. सलग चार स्पर्धांत पहिल्याच फेरीत पराभव झाला, की प्रशिक्षकाला गाशा गुंडाळावा लागू शकतो. बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये 'डब्ल्यूटीए' उभी राहिली, ती खेळाडूंच्या हक्कांसाठी. प्रशिक्षकांचे प्रश्न हा काही तिच्या स्थापनेचा हेतू नव्हता.

नियमांतील बदलांचा फटकाही प्रशिक्षकांना बसत आला. 'डब्ल्यूटीए'च्या स्पर्धांत एकेकाळी सेटमध्ये एकदा प्रशिक्षकाला कोर्टवर बोलावता येत असे. ग्रँड स्लॅम स्पर्धांत मात्र खुणेलाही मज्जाव होता. २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला प्रशिक्षकाच्या खुणेबद्दल ताकीद मिळाली आणि पुढचे रामायण घडले. प्रशिक्षक पॅट्रिक मोराटोग्लू यांनी खूण केल्याचे नंतर मान्य केले. अखेर १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने कोर्टबाहेरून मार्गदर्शनाला नियमांतच स्थान दिले.

मुलींचे प्रशिक्षण वेगळे का?

अमेरिकेत काम करणारी 'विमेन्स टेनिस कोचिंग असोसिएशन' ही या क्षेत्रातील लक्षणीय संस्था. ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षक सारा स्टोन यांनी ती स्थापन केली. मुली आणि महिलांना शिकविणाऱ्या प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे आणि परिषदा हे तिचे मुख्य काम आहे. मुलांना शिकविण्याची पद्धत जशीच्या तशी मुलींना लागू करणे चुकीचे ठरते, हा यामागील विचार.

त्याला आधारही आहे. झटकन वळण्या-थांबण्याच्या खेळांत गुडघ्याच्या 'एसीएल' या अस्थिबंधाला इजा होण्याचा धोका मुलींमध्ये अधिक असतो. २०२२ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत चीनच्या झेंग क्विनवेनने इगा श्वीऑनटेकविरुद्ध पहिला सेट जिंकला, पण पुढील दोन सेट ०-६, २-६ असे गमावले. मासिक पाळीच्या पहिल्या दिवसाच्या वेदनांनी आपल्याला ग्रासले होते, हे तिने सामन्यानंतर मोकळेपणाने सांगितले. सराव, आहार आणि स्पर्धांचे वेळापत्रक आखताना प्रशिक्षकाला हे भान असावे लागते. कोवळ्या वयातील ताण हाही असाच मुद्दा. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली आणि काही वर्षांतच कोमेजून खेळापासून दूर गेली. त्यानंतर १९९५ पासून अल्पवयीन मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर कडक मर्यादा आल्या. कॅप्रियातीने पुढे पुनरागमन केले, हा भाग वेगळा.

विश्वासाचा प्रश्न

संघटनेचे काम प्रशिक्षकांच्या हितापुरते मर्यादित राहू शकत नाही. अमेरिकेच्या माजी खेळाडू पॅम श्रायव्हर यांनी २०२२ मध्ये एक जुनी वेदना जाहीर केली. सतरा वर्षांच्या असताना पन्नाशीतील प्रशिक्षकाशी आपले संबंध जुळले होते आणि तो प्रकार अयोग्य होता, असे त्यांनी लिहिले. घरापासून दूर, महिनोन्‌महिने एकाच व्यक्तीच्या सोबतीने प्रवास करणाऱ्या मुलीचे संरक्षण कोणी करायचे? पार्श्वभूमीची तपासणी, आचारसंहिता आणि तक्रारीची सोय यांना म्हणूनच महत्त्व आहे. चांगल्या प्रशिक्षकालाही त्याचा लाभच होतो. संशयाचे सावट दूर होते.

महिला प्रशिक्षकांची उणीव हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. अव्वल खेळाडूंसोबत आजही बहुतांशी पुरुषच दिसतात. १९९४ ची विम्बल्डन विजेती कॉन्चिता मार्टिनेझ हा ठळक अपवाद. २०१७ मध्ये नेहमीचे प्रशिक्षक सॅम सुमिक सोबत नसताना तिने गार्बिन मुगुरुझाला विम्बल्डनमध्ये मार्गदर्शन केले आणि मुगुरुझा विजेती ठरली. अशी संधी क्वचितच मिळते. कारण वर्षभराचा प्रवास आणि संसार यांची सांगड घालणे महिलांना जड जाते. 'डब्ल्यूटीए'ने महिला प्रशिक्षक घडविण्यासाठी उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून.

आपल्याकडेही तेच

हे प्रश्न आपल्यालाही परके नाहीत. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात आली, ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकण्यासाठी. पुण्याच्याच ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले, ते २०२३ मध्ये. अशा यशाकडे पाहून अनेक पालक लहानग्या मुलीचे बोट धरून कोर्टवर येतात. शुल्क किती आणि कोर्ट कोणते, एवढीच चौकशी करून ते परततात. प्रशिक्षकाने मुलींच्या शरीराचा आणि मनाचा अभ्यास केला आहे काय, तक्रार करायची झाल्यास कोणाकडे करायची, हे विचारणे मात्र राहून जाते. प्रशिक्षकांची भक्कम संघटना असेल, तर या प्रश्नांची उत्तरे पालकांना मुलीचे नाव नोंदविण्याआधीच मिळू शकतील.