पाण्यातलं पांढरं पोवळं मेलेलं नसतं. स्नॉर्कलिंगला जाताना एवढं लक्षात ठेवा

रत्नागिरी : मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईकर गावी येतात आणि एक दिवस काढून पोरांना मालवणला नेतात. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे खायचे आणि स्नॉर्कलिंग करायचं, हा ठरलेला बेत. डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे रंगीत मासे बघायचे. त्या खडकांत कधीकधी पांढरेफटक डाग दिसतात. ‘मेलेलंच आहे’ असं समजून कोणी त्यावर पाय टेकतो. चूक तिथेच होते.

खडक नाही, जीव आहे

पोवळं, म्हणजे प्रवाळ, दिसायला दगड असलं तरी ती हजारो बारीक प्राण्यांची वसाहत असते. हे प्राणी चुन्याचं घर बांधतात आणि त्यात राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. कुळीथ किंवा चवळीचं रोप उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. त्यातले जिवाणू रोपाला नत्र देतात आणि रोप त्यांना अन्न देतं. पोवळ्याचा व्यवहारही असाच आहे. शेवाळाला राहायला जागा मिळते, आणि ते उन्हावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतं. पोवळ्याचा रंगही मुख्यतः या शेवाळामुळेच असतो.

मग ते पांढरं का पडतं?

समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण १ अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शेवाळ बिघडतं. त्यातून पोवळ्याला त्रास होणारे पदार्थ तयार होतात आणि पोवळं त्याला बाहेर काढून टाकतं. मग कातडीतून आतला पांढरा चुना दिसायला लागतो. यालाच कोरल ब्लीचिंग म्हणतात.

पण त्या वेळी पोवळं जिवंत असतं, फक्त उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं आणि पोवळं सावरतं. नाही निवलं तर मरतं. म्हणजे पांढरं पोवळं हे आजारी माणसासारखं आहे. अशा वेळी त्यावर पाय पडला, होडीचा नांगर आदळला, तर उरलासुरला जीवही जातो.

आपल्याकडे अरबी समुद्र एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत जास्त तापतो. पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. पाऊस लागला की समुद्र निवतो. तोपर्यंत शेतासारखं पोवळंही पावसाची वाट बघत असतं.

आपल्या किनाऱ्यावर काय झालं?

रत्नागिरी आणि मालवणच्या किनाऱ्यावर जिवंत पोवळी असल्याचं शास्त्रज्ञांनी १९७९ साली नोंदवलं. तेव्हा मालवण आपल्याच जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. पुढे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथल्या पोवळ्यांवरही २०१४-१५ च्या सुमारास ब्लीचिंग दिसून आलं.

हे फक्त कोकणातलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची पोवळीही मोठ्या प्रमाणात पांढरी पडली.

आपल्याला काय फरक पडतो?

समुद्राच्या तळाचा १ टक्क्याहून कमी भाग पोवळ्यांनी व्यापला आहे, पण समुद्रातल्या जवळपास पाव भाग जातींचा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्याशी संबंध येतो. लहान मासे तिथे लपतात, वाढतात. पोवळं गेलं तर मासे हटतील. मग होडीवाले, गाइड, खाणावळवाले आणि घरात पर्यटक ठेवणारी कुटुंबं यांच्या पोटावर पाय येईल. आणि मोडलेलं लवकर भरून येत नाही. हापूसचं कलम पाच-सहा वर्षांत धरतं, पण गोळ्यासारखं वाढणारं पोवळं वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतं. वीतभर पोवळ्याला वीस वर्षं लागतात.

पाण्यात उतरल्यावर काय करायचं?

- पोवळ्यावर उभं राहू नका, हात लावू नका. दम लागला तर पाठीवर उताणं व्हा किंवा गाइडला हात करा. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं.
- नीट पोहता येत नसेल तर उथळ खडकाळ जागी उतरायचा हट्ट करू नका. पाय टेकले जातातच.
- माशांना बिस्किटं, पाव टाकू नका.
- उन्हासाठी अंगभर क्रीम लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. काही क्रीममधली रसायनं पोवळ्याला घातक असतात.
- पोवळ्याचा तुकडा घरी आणू नका. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तोडणं, विकणं गुन्हा आहे.
- होडी ठरवताना विचारा, नांगर कुठे टाकणार? पोवळ्यावर टाकत असतील तर वाळूत टाकायला सांगा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर होडीवालाही लक्ष देतो.

समुद्राचं तापणं एका गावाच्या हातात नाही. पण आपला पाय आणि होडीचा नांगर आपल्या हातात आहे. ऐन उन्हाळ्यात पोवळ्याला धक्का लागला नाही, तर पाऊस येईपर्यंत तग धरायची संधी तरी त्याला मिळते.