उज्जयिनी : एक जुनी राजधानी

अथेन्स आणि रोम यांची महती आपली मुले पुस्तकांत वाचतात. परंतु आपली उज्जैनही त्याच पंक्तीतील नगरी आहे, हे त्यांस सांगावे लागते. बुद्धकाळी ही अवंतीची राजधानी. चंडप्रद्योत येथे राज्य करी. सम्राट होण्यापूर्वी अशोक येथे सुभेदार होता. इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमीने क्षत्रप चष्टनाची राजधानी म्हणून ‘ओझेनी’ची नोंद केली. त्यापूर्वीच येथील अकीक व मलमल भडोच बंदरातून परदेशी जात असे.

आपले ज्योतिषी रेखांश येथूनच मोजीत. हे गणित अरबांनी घेतले, तेव्हा नगरीचे नाव ‘उझैन’ असे लिहिले गेले. अरबी लिपीत ‘झे’ व ‘रे’ या अक्षरांत भेद एका नुक्त्याचा. नकलकाराच्या हातून तो गळाला आणि ‘अरीन’ झाले! पुढे युरोपातील पंडित हे ‘अरीन’ पृथ्वीचे मध्यस्थान म्हणून नकाशात शोधीत बसले.

१२३५ च्या सुमारास इल्तुतमिशच्या स्वारीत महाकाल मंदिर उद्ध्वस्त झाले. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी ते पुन्हा उभारले. उज्जैन शिंदेशाहीची राजधानी झाली, ती दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरीस बिऱ्हाड हलवीपर्यंत. दरबार गेला, मराठी बोलणारी घरे मात्र येथे आजही आहेत.