लांब केसांचं मांजर घरी आणायचं म्हणता?

आपल्या घरांत मांजर काही नवं नाही. ज्वारीची पोती, तुरीची डाळ, सरकी, सगळ्याची राखण त्याच्याच भरवशावर असते. उंदीर मारावेत आणि चुलीपाशी निजावं, एवढाच त्याचा आपल्याशी व्यवहार. आता मात्र लेकरं मोबाइलवर कापसाच्या गोळ्यासारखं लांब केसांचं मांजर बघतात आणि "आई, आपण असलंच आणू" म्हणून मागं लागतात. गटाच्या बैठकीतही हा विषय निघतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

आपल्याकडं लांब केसांचं म्हणून जे मांजर विकलं जातं, ते बहुधा पर्शियन किंवा त्याचा संकर असतो. पर्शियन म्हणजे इराणकडचं. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले प्रवासी तिकडं गेले, तेव्हा त्यांना ही मांजरं आवडली आणि त्यांनी ती मायदेशी नेली. पुढं तिथल्या हौशी लोकांनी निवडून निवडून केस आणखी लांब केले आणि नाक आणखी चपटं केलं. रॅगडॉल आणि मेन कून या लांब केसांच्या आणखी दोन शांत जाती अमेरिकेतल्या. त्या मोठ्या शहरांत मिळतात आणि महागही असतात.

पर्शियन स्वभावानं गरीब असतं हे खरं आहे. फार ओरडत नाही, पडद्यावर चढत नाही, मांडीवर निवांत बसतं. पण स्वभाव नुसत्या जातीवर ठरत नाही. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा प्रेमाचा हात किती लागला, यावरही तो ठरतो. पिंजऱ्यात वाढलेलं पर्शियन बिचकून ओरबाडतं आणि लेकरांच्या हातावर वाढलेलं गावठी पिल्लूही मांडीवर घुरघुरतं. म्हणून जात विचारण्याआधी पिल्लू कुठं वाढलं ते विचारा.

आता चेहरा बघू. विकणारे लोक "डॉल फेस" आणि "पंच फेस" असे शब्द वापरतात. डॉल फेसचं नाक थोडं लांब असतं. पंच फेसचं नाक बुक्की मारल्यासारखं आत दबलेलं असतं. पंच फेसची किंमत जास्त सांगतात, पण त्रासही त्यालाच जास्त. श्वास घोरल्यासारखा येतो, डोळ्यांतून सतत पाणी गळतं, दात वेडेवाकडे येतात. घ्यायचंच असेल तर नाक जितकं मोकळं तितकं चांगलं.

यात आपल्या भागातलं ऊन धरा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो आणि दुपारी वीज जाते. मांजराला अंगभर घाम येत नाही, पंजाच्या तळव्यांना थोडा येतो. अंग चाटून आणि वेळ पडली तर धापा टाकून ते स्वतःला थंड करतं. ज्याचं नाकच चपटं, त्याला तेही नीट जमत नाही. पत्र्याच्या घरात भर दुपारी त्याचे हाल होतात. तोंड उघडून धापा टाकणं, लाळ गळणं, चालताना लडखडणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. अशा वेळी सावलीत घ्या, साध्या पाण्यात भिजवलेला फडका अंगावर फिरवा, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका. ज्या घरात दुपारची एकही खोली गार राहत नाही, त्या घरात हे मांजर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट केसांची. हे केस रोज दहा-पंधरा मिनिटं स्टीलच्या लांब दातांच्या फणीनं विंचरावे लागतात. दोन-चार दिवस सोडलं की काखेत, पोटाखाली, कानामागं गुठळ्या होतात आणि त्यांची जट बनते. जट कातडी ओढते, तिच्याखाली जखम होते. ती कात्रीनं कापायला जाऊ नका. मांजराची कातडी सैल असते, जटेबरोबर वर येते आणि कापली जाते. बोटांनी हळूहळू सोडवा, नाही सुटली तर डॉक्टरांकडून मशीननं काढून घ्या. उन्हाळ्यात पोटाचे आणि शेपटीखालचे केस कमी करून घ्यावेत, पण पाठ कातडीपर्यंत भादरू नये. शिवाय रोज ओल्या कापसानं डोळे पुसायचे आणि मागची बाजू स्वच्छ आहे का ते बघायचं.

हे सगळं करणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा जुना प्रश्न इथंही आहे. लेकरू आठ दिवस हौसेनं विंचरतं, मग त्याची परीक्षा येते. घरच्या माणसांना वेळ नसतो. शेवटी कापूस वेचून, भाकरी थापून झाल्यावर फणी बाईच्याच हातात येते. म्हणून मांजर आणण्याआधी घरात बसून ठरवा: फणी कोणाची, मातीचं टोपलं कोण साफ करणार, उन्हाळ्यात दुपारी पाणी कोण बघणार. ज्याला हौस, त्यानं आधी महिनाभर घरातलं एखादं नेमाचं काम रोज करून दाखवावं. तेवढं जमलं तर पुढं बोलावं.

खर्चाचं गणित आपण कर्जाच्या हप्त्यासारखं मांडू. विकणारा किंमत एकदाच सांगतो, खर्च मात्र बारा-पंधरा वर्षं चालतो. खाणं, लसी, जंताचं औषध, डॉक्टर, सगळं महिन्याच्या हिशेबात लिहून बघा. मांजर हा मांसाहारी जीव आहे. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य नसेल तर त्याची दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. नुसत्या दूध-भातावर ते जगत नाही आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. घरात मांसाहार चालत नसेल तर मांजराचं तयार खाद्य विकत आणावं लागेल. या हौसेसाठी गटातून अंतर्गत कर्ज काढू नका.

"पिल्लं विकून जोडधंदा करू का?" असंही काही जणी विचारतात. पर्शियन पिल्लांची डोकी मोठी आणि गोल असतात, त्यामुळं आई अडते आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. पाळीव प्राण्यांचं दुकान चालवायचं तर केंद्राच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. शेळी-कोंबडीत आपला हात बसलेला आहे, बाजार ओळखीचा आहे. तोच धंदा बरा.

इतकं सगळं जुळलं आणि घ्यायचंच ठरलं, तर पिल्लू दिवसाउजेडी बघा. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, श्वास बिनआवाजी, शेपटीखाली घाण नाही, पोट ढमाल्यासारखं फुगलेलं नाही, हे तपासा. आई दाखवा म्हणा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका, बारा आठवड्यांचं असेल तर उत्तम. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आई-बापांपैकी एकाला तो असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो आणि लहानपणी वरून दिसत नाही. आई-बापांची तपासणी झाली आहे का ते विचारा. कोणी सांभाळता येईना म्हणून मोठं मांजर देत असेल, तर तेही वाईट नाही. त्याचा स्वभाव आणि तब्येत आधीच दिसते.

घरी आणल्यावर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लसींची सुरुवात साधारण आठव्या आठवड्यापासून होते, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, चुना-मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध मांजराला कधीही लावू नका, त्यानं जीव जातो. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही त्याला विषच. फिनेलनं फरशी पुसली तर ती वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवा, कारण ते पाय चाटतं. विष घालून मारलेला उंदीर त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

घरात सून गरोदर असेल तर मांजर सोडून द्यायची गरज नाही. मात्र विष्ठेचं टोपलं तिनं साफ करू नये. दुसऱ्यानं ते रोजच्या रोज करावं, कारण विष्ठेतले जंतू रोग पसरवण्याजोगे व्हायला एक दिवस तरी लागतो. तिनं कच्चं मांस हाताळल्यावर आणि मातीत काम केल्यावर हात साबणानं धुवावेत.

मांजर सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून घ्या. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड दुखणं असेल तर तिथं दाखवता येतं.

आणि एक सुचवते. लेकराला मांजराचा लळा हवा असेल तर गल्लीतलं गावठी पिल्लू बघा. आपल्या उन्हाला ते सरावलेलं असतं, अंग स्वतःच चाटून साफ ठेवतं, उंदीरही धरतं. गावठ्यांतही एखादं झुबकेदार शेपटीचं निघतं. लस, जंताचं औषध आणि नसबंदी त्यालाही लागतेच, पण फणी घेऊन रोज बसावं लागत नाही.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी लांब केसांचं मांजर आहे त्यांनी आपला महिन्याचा खर्च आणि वेळ लिहून आणा. ज्यांना घ्यायचं आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.