सुकन्येचे पैसे काढू, की कर्ज घेऊ?

फुलसावंगीतून पुसदला, नांदेडला किंवा थेट पुण्याला ॲडमिशन मिळाली, की घरात पहिला विषय निघतो फीचा. कपाटातून पासबुक बाहेर येतं आणि आजी म्हणते, "त्याले हात नका लावू. पोरीच्या लग्नाचे पैसे हायेत ते!"

हे पासबुक सुकन्या समृद्धीचं. योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. तेव्हा सात-आठ वर्षांच्या असलेल्या पोरी आज कॉलेजात आहेत. तुमचं खातं तेव्हाचं असेल, तर ते मुदतीनं 21 वर्षांनी, म्हणजे 2036 मध्ये पिकेल. पण अठरा पूर्ण झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी मागच्या 31 मार्चच्या शिलकीच्या निम्मे पैसे काढता येतात. वर्षातून एकदा, जास्तीत जास्त पाच वर्षं. शिल्लक 3 लाख असेल तर मर्यादा दीड लाख. पण कॉलेजची पावती 60 हजारांची असेल, तर 60 हजारच मिळतील. त्यावर कर नाही.

मग काढून टाकायचे का? थांबा, आधी महाडीबीटी बघा. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. जी फी सरकार भरतंय, तिच्यासाठी बचत कशाला मोडायची?

आता कर. आईबाबा मुलांची शिकवणी फी 80सीत दाखवू शकतात, हॉस्टेल आणि डोनेशन नाही. पण दीड लाखाच्या त्याच डब्यात पीएफ, विमा आणि सुकन्याचा हप्ताही बसतो. डबा आधीच भरला असेल, तर फी दाखवून फायदा शून्य. शिवाय हे सगळं जुन्या कररचनेत. नव्या रचनेत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही. शेतीच्या उत्पन्नावर तर आधीपासूनच नाही. कापूस-सोयाबीनच्या घरात करसवलतीसाठी कर्ज काढणं म्हणजे फुकटचा भार.

कर्जाचं गणित वेगळं आहे. सुकन्याचा व्याजदर जानेवारी 2024 मध्ये 8.2 टक्के झाला. समजा, कर्ज 10 टक्क्यांनी मिळतंय. तर पैसे काढणं स्वस्त. पण जुन्या रचनेत 20 टक्क्यांचा कर भरणाऱ्याला 80ईमुळे व्याजाची वजावट मिळते, तेही मर्यादेशिवाय आणि आठ वर्षं. उपकरासह हिशेब केला, तर 10 टक्के प्रत्यक्षात 7.92 वर येतात. तेव्हा खातं राहू द्यावं. कर्ज तुमच्या नावावर असेल, तर नोकरी लागल्यावर ही वजावट तुमची; फक्त मुद्दलावर ती नाही.

पीएम-विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांसाठी, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांच्या कर्जापर्यंत शिक्षणकाळात व्याजात 3 टक्के सूट आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल, तर ती नाही. दोन्हीकडून घेता येत नाही, म्हणून जास्त फायद्याची निवडा.

क्रम सोपा आहे: आधी माफी, मग व्याजाचा हिशेब, शेवटी पासबुक. अठरानंतर खात्यावर सही तुमचीच चालते. आजीलाही समजावून सांगा: निम्मे पैसे खात्यात राहणारच आहेत, आणि उरलेले पोरीच्याच कामी येताहेत.