अंडाशयातली गाठ : काढायची की थांबायचं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ओव्हेरियन सिस्ट’ लिहून आलं, घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मग ऑपरेशन करायचं का?

पाळी सुरू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याची एक छोटी पिशवी तयार होते, ती फुटून बीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही आणि वाढत राहते, कधी फुटल्यावर तिच्यात पुन्हा पाणी किंवा रक्त साठतं. या वयात दिसणाऱ्या बऱ्याचशा गाठी अशाच असतात आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. त्या जिरवायला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात, पण गोळ्यांमुळे त्या लवकर जिरत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्ये सांगितलेलं मोजमाप उपयोगी आहे. आत नुसतं पाणी असलेली पातळ भिंतीची गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर सहसा पुन्हा तपासायचीही गरज नाही. ५ ते ७ असेल तर वर्षाने सोनोग्राफी, त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार. ‘पीसीओडी’त दिसणारे बारीक ठिपके तर काढायच्या गाठी नव्हेतच.

सगळ्या गाठी मात्र जिरत नाहीत. डरमॉइडमध्ये चरबी, केस, कधी दातही असतात. ती सावकाश वाढते, लहान असेल तर नजर ठेवून थांबता येतं. सर्वांत अवघड निर्णय चॉकलेट सिस्टचा, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणाऱ्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीचा. पाळीतल्या जीवघेण्या वेदनांनी बाई टेकीला आलेली असते, तिला सुटका हवी असते आणि ऑपरेशनने ती बऱ्याचदा मिळतेही. पण ही गाठ अंडाशयाला चिकटलेली असते. ती सोलून काढताना निरोगी भागही थोडा जातो, बीजांचा साठा घटतो आणि गाठ पुन्हा होऊ शकते. मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएचची रक्ततपासणी करून घ्यावी आणि वंध्यत्वतज्ज्ञाचंही मत घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयासाठी केल्या जाणाऱ्या सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला पाहून कॅन्सर धरून चालू नका. चॉकलेट सिस्ट, फायब्रॉइड, पोटाचा टीबी, इतकंच काय चालू पाळीतही तो वाढतो. पाळी गेल्यानंतर मात्र त्याला जास्त वजन असतं. त्या वयात तो वाढलेला असेल, किंवा गाठीत घट्ट भाग, पोटात पाणी असं काही दिसलं, तर पहिलं ऑपरेशनच कॅन्सरच्या सर्जनकडे व्हायला हवं.

थांबायचं नाही अशी एक वेळ आहे. एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा रात्र असो की सण, लगेच दवाखाना गाठावा. वेळेत पीळ सोडवला तर काळंनिळं पडलेलं अंडाशयही बऱ्याचदा वाचतं.

बाकी बहुतेक वेळा विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला अवधी असतो. तो घ्यावा, कारण नेमकं काय काढणार हे अनेकींना नंतर कळतं. दिल्लीत १९९५ मध्ये एक ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली गेली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जिवावरचा प्रसंग नसेल तर तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि सज्ञान बाईच्या वतीने नातेवाइकाची सही चालत नाही. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालंच आहे. अशा ऑपरेशनमध्ये पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशयं गेली, तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

तेव्हा बायांनो, सही करण्याआधी संमतीपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या. ‘फक्त गाठ काढणार’ की ‘अंडाशयासह’, आणि टेबलावर काही वेगळं आढळलं तर काय करायचं, हे त्यावर स्पष्ट लिहून घ्या. सही तुमचीच असू द्या.