जकात जूनमध्येही देता येते

रमजान आला की घरोघरी जकातीचे हिशेब सुरू होतात. म्हसावदही त्याला अपवाद नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे लाखामागे अडीच हजार. बहुतेक पैसा शंभर-दोनशेच्या नोटांनी वाटला जातो. घेणाऱ्याची ईद गोड होते, कॉलेजची फी मात्र तशीच राहते.

एकत्र आलेला पैसा काय करतो, हे पाहायला जिल्ह्याबाहेर जायला नको. अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९-८०च्या सुमारास मोजकी मुले घेऊन मदरसा सुरू केला. देणग्यांच्या बळावर तिथे फार्मसी आणि युनानी कॉलेज उभे राहिले. पुढे जालना जिल्ह्यात बदनापूरला एमबीबीएसचे कॉलेजही निघाले.

बहुतेक उलेमांच्या मते जकात गरजू माणसाच्याच हाती पडली पाहिजे, भिंती बांधायला ती चालत नाही. त्यासाठी इमदाद, सदका. सदक्याला धर्माची अट नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पेशंटच्या औषधालाही तो देता येतो. गरीब मुस्लिम विद्यार्थ्याला फीसाठी जकातच देता येते.

अडचण आहे ती वेळेची. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि फी भरायची जून-जुलैत. पण जकात रमजानमध्येच द्यावी असे बंधन नाही, पुढच्या वर्षाची आगाऊही चालते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून बारावीची एखादी मुलगी आताच हेरून ठेवावी. तिची परीक्षा याच दिवसांत असते.