झोक्याच्या मधोमध

सकाळी 7. चहा उकळतोय तोवर लॅपटॉप उघडते. रात्रभर चालू ठेवलेली आकडेमोड पुरी झालीय. गाया यानाने नोंदवलेल्या सुमारे 181 कोटी ताऱ्यांमधून मी फक्त आपल्या आकाशगंगेतले सेफिड निवडलेत, तीनेक हजार. हे तारे ठरलेल्या दिवसांनी फुगतात, आक्रसतात. कालावधी जितका मोठा तितकं मूळचं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेविट यांनी 1912 साली दाखवून दिलं. म्हणून त्यांचं अंतर भरवशाने काढता येतं.

9.30. संस्थेत पोचल्या पोचल्या आलेख काढला आणि पोटात गोळाच आला. सगळे तारे खाली चाललेत! आकाशगंगेची तबकडी एका कडेला वर, समोरच्या कडेला खाली वाकलेली आहे, हे 1957 मध्येच हायड्रोजनच्या 21 सेंटीमीटर लहरींनी सांगितलं. पण ते कडेचं. सूर्याच्या शेजारचेही तारे सेकंदाला 14 किलोमीटरने खाली? शक्यच नाही.

11. ओळ न् ओळ तपासतेय. 14 म्हणजे सात दुणे. सूर्य स्वतःच सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर वेगाने तबकडीच्या उत्तरेकडे चाललाय. एसटीच्या खिडकीतून झाडं मागे पळतात, तसे शेजारचे तारे आपल्याला खाली जाताना दिसतात. ते 7 मिळवायचे असतात. मी वजा केले होते. अधिकाचं चिन्ह घातलं, आलेख पुन्हा काढला. शेजारचे तारे शून्यापाशी आले. आकाशगंगेच्या केंद्राच्या विरुद्ध दिशेचे, दूरचे तारे मात्र वर सरकले, सेकंदाला काही किलोमीटर. तीस-बत्तीस हजार प्रकाशवर्षांवरचा तारा अशा वेगाने चालला, तर वर्षाकाठी आकाशात किती सरकतो? वीस किलोमीटरवर धरलेल्या जाडसर केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. तेवढं मोजलं गेलंय. खुर्चीत नुसती बसून राहिले थोडा वेळ.

1.15. कँटीन. हिशेब विभागातल्या काकांनी विचारलं, "ताई, आकाशगंगा वाकलीय ते केंद्राच्या विरुद्ध दिशेला दिसतं का?" ताटातला भाजलेला पापड उचलून दाखवला: एक कड वर, समोरची खाली, आणि मधे एक रेघ, जिथे तो सपाटच आहे. सूर्य जवळपास त्या रेघेवर आहे.

"मग तिथे काय कळणार?"

"काका, झोका मधोमध असतो तेव्हा उंची काहीच नसते, पण वेग सगळ्यात जास्त." त्या रेघेवरच्या ताऱ्यांची जागा वाकडेपणा लपवते, त्यांची चाल तोच वाकडेपणा सांगते. या कामात मला सगळ्यात आवडतं ते हेच.

3. आता अवघड भाग. हा वाकच गोल फिरतो का? एलोइसा पोज्जियो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये उत्तर दिलं: हो, ताऱ्यांच्याच दिशेने, 60 ते 70 कोटी वर्षांत एक फेरी. 2024 मध्ये वेगवेगळ्या वयांचे सेफिड घेऊन दुसऱ्या गटाने काढलं: फिरतो, पण उलटा आणि फार सावकाश. इथे सूर्याच्या वेगात अर्ध्या किलोमीटरची चूकही चालणार नाही. संध्याकाळपर्यंत तेवढंच तपासते.

रात्री 8.45. जानेवारीची थंडी, गच्ची. सारथी तारकासमूह डोक्यावर आलाय. केंद्राच्या बरोबर विरुद्ध दिशा तीच. दुर्बिणीतून 48 सारथी शोधते. आपल्या जवळचा सेफिड, पावणेचार दिवसांत एक आवर्तन. परवा शेजारच्या ताऱ्यापेक्षा मंद होता, आज उजळ आहे. वहीत वेळ लिहिते.